हिरवे तेवढे रान नव्हे

मुंबईहून निघालेली आगगाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला येते आणि पुढे देवळाली मागे टाकून नाशिक रोडच्या स्थानकात शिरते. श्रावणाच्या दिवसांत हा प्रवास करणाऱ्याचे डोळे निवतात. डोंगर हिरवे, माळ हिरवे, रुळांच्या दोन्ही अंगांचे उतारही हिरवे! ‘केवढे हे रान!’ असे उद्गार प्रवाशाच्या तोंडून सहज निघतात. परंतु त्याच गाडीत वनस्पतींची ओळख असलेला एखादा जाणता गृहस्थ बसलेला असेल, तर त्याच्या मुद्रेवर आनंदाबरोबर काळजीचीही छटा उमटते. कारण त्या हिरवाईत त्याला घाणेरीची जाळी दिसते, सुबाभळीची दाटी दिसते, गिरिपुष्पाची रांग दिसते आणि पडीक जागा व्यापून राहिलेले गाजर गवत दिसते. ह्यांपैकी एकही वनस्पती मूळची ह्या भूमीतली नाही. त्या सर्व सातासमुद्रांपलीकडून येथे आल्या, आणि येथे आल्यावर त्यांनी घरच्या वनस्पतींनाच घराबाहेर काढले.

येथे कोणी विचारील, की बाहेरून आलेली वनस्पती वाईटच असते काय? तसे मुळीच नाही. आपल्या रोजच्या भाजीतील मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे अमेरिका खंडातून आले. पेरूही तिकडचाच. ज्या द्राक्षांसाठी नाशिकचे नाव आज दूरवर पोचले आहे, त्या द्राक्षवेलीचे माहेरही पश्चिमेकडच्या देशांत आहे. परंतु ह्या वनस्पती पाहुण्यांच्या रीतीने राहतात. शेतकऱ्याने नांगरले, पाणी दिले, निगा राखली, तर त्या वाढतात. त्याने पाठ फिरवली, की त्या नाहीशा होतात. मिरचीने डोंगर व्यापल्याचे कोणी पाहिले आहे काय? काही वनस्पती मात्र अशा असतात, की त्यांना कोणी बोलावले नाही, पाणी घातले नाही, राखण केली नाही, तरी त्या रानभर पसरतात. त्यांना बी अमाप येते. मायदेशी त्यांना कुरतडणारे जे किडे आणि ज्या बुरशी असतात, त्या येथे त्यांच्याबरोबर आलेल्या नसतात. त्यामुळे त्यांच्या वाढीला लगाम राहत नाही. अशा वनस्पतींना आक्रमक वनस्पती असे म्हणतात.

ह्या आक्रमणात काय हरवते, हे समजण्यासाठी नाशिकचे मूळचे रान कसे होते, हे आधी पाहिले पाहिजे. ह्या नगरीचे झाडांशी असलेले नाते फार जुने आहे. गोदावरीच्या काठची पंचवटी म्हणजे पाच वडांची जागा. पुराणांतील दंडकारण्याची कथा येथे घरोघरी सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी एवढे खरे, की सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील ह्या भागात पानझडी वृक्षांचे वन स्वाभाविकपणे वाढते. साग, ऐन, धावडा, खैर, सालई, मोई, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, मोह, आवळा, बेहडा, शिवण, आपटा, उंबर अशी ह्या वनाची कितीतरी मंडळी आहेत. ती सारी एकाच वेळी फुलत नाहीत की एकाच वेळी फळत नाहीत. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा आणि पळस पेटल्यासारखे फुलतात आणि साळुंक्या, बुलबुल व शिंजीर त्यांच्यातील मधावर तुटून पडतात. चैत्रात मोहाचा सडा पडतो. वैशाखाच्या उन्हात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. उंबराला तर वर्षातून अनेकदा फळे येतात आणि इतर झाडे रिकामी असतानाही त्याच्यावर पाखरांचा बाजार भरतो.

झाड आणि किडा ह्यांचे नाते तर त्याहून नाजूक असते. कोणत्याही अळीला कोणतेही पान चालत नाही. हजारो वर्षांच्या सहवासाने एकेका अळीला एकेका वनस्पतीचे पान पचवण्याची सवय झालेली असते. नीलवंत हे महाराष्ट्राचे राज्य-फुलपाखरू म्हणून २०१५ साली घोषित झाले. त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांच्या पानांवर वाढते. टसर रेशमाचा किडा ऐनाची पाने खातो. अळ्या आहेत म्हणून पिलांना भरवायला पाखरांना अन्न आहे. पाखरे आहेत म्हणून बिया दूरवर पोचतात. बिया पोचतात म्हणून नवी झाडे उगवतात. असे हे एकमेकांत गुंफलेले चक्र आहे. परक्या झाडाच्या पानाची येथल्या बहुतेक अळ्यांना ओळखच नसते. म्हणून ते झाड कितीही हिरवे दिसले, तरी त्यांच्या दृष्टीने ते रिकाम्या ताटासारखे असते.

ह्या चक्रात पहिला मोठा अडसर घातला तो घाणेरीने. तिला कोठे टणटणी असेही म्हणतात. तिचे मूळ स्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात ती शोभेसाठी आणली. लाल, नारिंगी, पिवळी अशी रंग पालटणारी तिची फुले पाहून लोक मोहून गेले आणि बागांच्या कुंपणांसाठी ती लावू लागले. परंतु घाणेरी कुंपणात राहिली नाही. तिची काळी, रसाळ फळे बुलबुलांनी खाल्ली आणि तिचे बी रानोमाळ टाकले. एकेका झुडपाला वर्षाकाठी हजारो फळे येतात. तिच्या मुळांतून व कुजलेल्या पानांतून निघणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ खुंटवतात. तिच्या गचपणात गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून गुरांना व हरणांना चारा नाही. तिची पाने गुरांनी खाल्लीच, तर त्यांना विषबाधा होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर वनक्षेत्रात घाणेरी पसरल्याचा अंदाज मांडला आहे. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्या भूमीइतके होते.

गिरिपुष्पाची कथा निराळी आहे. हे झाड मेक्सिको व मध्य अमेरिका येथील. तेथे ते कोकोच्या बागांना सावली देण्यासाठी लावतात. ते झपाट्याने वाढते, नुसती फांदी रोवली तरी मूळ धरते, हवेतील नत्र जमिनीत साठवते आणि त्याचा पाला उत्तम हिरवळीचे खत होतो. आपल्याकडची गुरे त्याच्या पानांना सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून उघडे पडलेले डोंगर लवकर हिरवे व्हावेत, ह्या चांगल्या हेतूने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात ते अनेक टेकड्यांवर लावले गेले. डोंगर हिरवे झालेही. परंतु एकाच जातीच्या झाडांनी भरलेला डोंगर म्हणजे वन नव्हे. गिरिपुष्पाच्या शेंगा वाळल्या, की तडकून बिया दूरवर उधळतात आणि आसपासची जागा त्याच झाडाने भरून जाते. ते फुलले म्हणजे मधमाश्या येतात खऱ्या. पण फुले संपली, की पाखरांना खायला त्याच्यावर गोड फळ नसते. त्याच्या बियांचा व सालीचा उपयोग उंदीर मारण्यासाठी केला जात असे; म्हणून त्याला उंदीरमारी असेही नाव पडले आहे. शेताच्या बांधावर जे झाड शेतकऱ्याचा मित्र ठरते, तेच डोंगरावर रानाची वाट अडवून बसते. एखादी वस्तू चांगली की वाईट, हे पुष्कळदा ती कोठे आहे ह्यावर अवलंबून असते, ते असे.

गाजर गवताची ओळख तर प्रत्येकाला आहे. पुण्याजवळ १९५५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि त्यानंतर थोड्याच दशकांत ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, पुरळ उठते आणि त्याच्या परागांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. त्याला आवर घालण्यासाठी त्याची पाने खाणारा मेक्सिकोतील एक भुंगा १९८४ च्या सुमारास बंगळूर येथे सोडण्यात आला. पाण्यातही असाच प्रकार घडतो. जांभळ्या फुलांची जलपर्णी गोदावरीच्या पात्रावर पसरते, तेव्हा खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

नाशिकच्या आसपास राखण्याजोगे काय उरले आहे, ह्याचे एक उदाहरण त्र्यंबकच्या वाटेवर आढळते. तेथील अंजनेरीच्या डोंगरावर कंदिलाच्या आकाराचे चिमुकले फूल येणारी एक वनस्पती आहे. शास्त्रज्ञांनी तिची नवी जाती म्हणून नोंद केली आणि अंजनेरीवरूनच तिचे नाव ठेवले. तिचे फूल लहान माश्यांना काही काळ आत अडकवून ठेवते आणि परागांनी माखून मग सोडून देते. अशी ही अद्भुत वनस्पती जगात फारच थोड्या जागी आढळते. पावसाळ्यात गवताळ उतारावर ती उगवते, फुलते आणि पुन्हा कंदात दडून बसते. अशा उघड्या उतारावर घाणेरीचे गचपण माजले, तर ह्या फुलाने जावे कोठे? पैशाने विकत आणता येतील अशा वस्तू हरवल्या तर पुन्हा मिळतात. पृथ्वीवरून नाहीशी झालेली जाती पुन्हा मिळत नाही.

हे सारे पाहून स्वस्थ न बसणारी माणसे नाशिकमध्येही पुढे आली. शहराच्या पश्चिमेस सातपूरच्या बाजूला एक डोंगर आहे. त्याला लोक फाशीचा डोंगर म्हणतात. ही वनखात्याची जमीन असून तिच्यावर गिरिपुष्पाची दाटी होती. ‘आपलं पर्यावरण’ ह्या नाशिकच्या संस्थेने वनखात्याच्या साहाय्याने तेथे स्थानिक जातींचे वन उभारण्याचे ठरवले. ५ जून २०१५ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, हजारो नागरिक त्या डोंगरावर जमले. त्या एका दिवसात सुमारे अकरा हजार रोपे लावली गेली, आणि ती सारी ह्या मातीतल्या जातींची होती. ह्या वनाला ‘नाशिक देवराई’ असे नाव देण्यात आले. पुढे म्हसरूळच्या परिसरातही ह्या संस्थेने असेच वन वाढवण्यास आरंभ केला.

देवराई हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. गावाच्या कडेला देवाच्या नावाने राखून ठेवलेले रान म्हणजे देवराई. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक आपल्या पूर्वजांनी घालून दिला. त्यामुळे आजूबाजूचे रान नाहीसे झाले, तरी सह्याद्रीतील कित्येक देवरायांत जुने वृक्ष व वेली टिकून राहिल्या. त्या म्हणजे जणू बियाण्यांची कोठारेच होत. ज्या डोंगराचे नाव फाशीशी जोडलेले होते, त्याला लोकांनी देवराई म्हणावे, ह्यातच त्या कामाचा मोठेपणा दिसून येतो.

परकी झाडे काढणे हे काम दिसते तितके सोपे नाही. घाणेरी वरच्या वर कोयत्याने छाटली, तर ती मरत नाही. उलट बुडापासून दसपट फांद्या फुटतात आणि पूर्वीपेक्षा दाट जाळी होते. म्हणून तिच्या मुळावरच घाव घालावा लागतो. जमिनीखाली तीन-चार बोटांवर, जेथे खोड आणि मूळ एकत्र येतात, तेथे कुदळीने मूळ तोडतात. मग सारे झुडूप उचलून उलटे, मुळे आभाळाकडे करून ठेवतात. असे केल्याने फांद्यांना मातीचा स्पर्श होत नाही आणि त्या पुन्हा मूळ धरीत नाहीत. हे काम पावसाळ्यात, माती ओली असताना आणि फळे पिकण्यापूर्वी करणे उत्तम. फळे पिकल्यावर झुडपे ओढत नेली, तर काढणाराच पेरणारा ठरतो! गिरिपुष्पाच्या बाबतीतही तोडलेल्या फांद्या ओल्या मातीवर पडू न देण्याची काळजी घ्यावी लागते. गाजर गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे लागते.

एकदा काढले म्हणजे काम संपले असेही नाही. मातीत दडलेले बी पुढल्या पावसात उगवते. ज्या झाडावर बुलबुल बसतात, त्याच्या बुंध्याशी घाणेरीची रोपे पुन्हा डोकी वर काढतात. ती कोवळी असतानाच हाताने उपटली, तर एका मुलालाही जमते. तीन वर्षे दुर्लक्ष केले, तर दहा माणसांनाही भारी पडते. म्हणून असे काम हाती घेणाऱ्याला त्याच जागी निदान तीन-चार पावसाळे परत परत यावे लागते.

ह्या कामात उत्साहापेक्षाही संयम अधिक लागतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात ब्रॅडली आडनावाच्या दोन बहिणी राहत असत. आपल्या घराजवळच्या रानात परक्या वनस्पती शिरलेल्या पाहून १९६० नंतरच्या काळात त्यांनी त्या हाताने काढण्यास सुरुवात केली. पुष्कळ निरीक्षणानंतर त्यांनी काही साधे नियम ठरवले. जेथे मूळचे रान चांगले आहे, तेथून आरंभ करावा आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकावे. माती शक्य तितकी कमी उकरावी. मूळच्या वनस्पती जेवढ्या वेगाने परत येतील, तेवढ्याच वेगाने पुढे जावे. घाई करू नये. ह्या नियमांमागे मोठी दृष्टी आहे. एकाच दिवसात सारा डोंगर मोकळा केला, तर पावसाने माती वाहून जाईल, आडोसा गेल्यामुळे ससे व पाखरे उघडी पडतील आणि मोकळ्या जागेत पुन्हा तणच माजेल. तण काढणे हे साधन आहे; रान परत आणणे हे साध्य आहे. साधनाच्या भरात साध्य विसरता कामा नये.

म्हणून जाणते लोक थोडा तुकडा मोकळा करतात आणि लगेच त्याची काळजी घेतात. कित्येकदा तेथे नवी रोपे लावण्याचीही गरज पडत नाही. पळस, ऐन, धावडा ह्यांचे जुने खुंट जमिनीत जिवंत असतात. सावली हटली, कुऱ्हाड थांबली आणि चराई काही काळ बंद झाली, की त्यांना आपोआप धुमारे फुटतात. जेथे काहीच उरलेले नाही, तेथे आसपासच्या रानातील बी आणून रोपे करावी लागतात. त्यांना खड्डे, पाणी आणि गवताचे आच्छादन द्यावे लागते. रोप लावणे हा एका दिवसाचा सोहळा आहे. ते जगवणे हे तीन उन्हाळ्यांचे व्रत आहे. फाल्गुन-चैत्रात वणव्याचे मोठे भय असते. एखाद्याने बेफिकिरीने टाकलेली काडी वर्षांचे श्रम क्षणात भस्म करू शकते. म्हणून गवत पेटू नये यासाठी रानाभोवती मोकळा पट्टा ठेवतात. त्याला जाळरेषा म्हणतात. पावसाळ्यातल्या समारंभाला हजारो हात येतात, पण उन्हाळ्यात पाणी घालायला व जाळरेषा राखायला जे थोडे हात उरतात, त्यांच्याच बळावर रान उभे राहते.

काही लोक असा आक्षेप घेतात, की हिरवे झाड तोडणे हे पाप नव्हे काय? आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. शेतात तण निंदणाऱ्या शेतकऱ्याला कोणी हिरवळीचा वैरी म्हणत नाही. कारण तो पिकासाठी तण काढतो. मात्र शेतकऱ्याला पीक कोणते आणि तण कोणते, हे पक्के ठाऊक असते. हे ज्ञान नसताना हाती कोयता घेणारा माणूस रानाचे भले करण्याऐवजी नुकसानच करील. शिवाय वनातील झाड तोडण्याचा अधिकार कोणालाही आपल्या मनाने घेता येत नाही; त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या ज्या माणसांची चूल तेथल्या सरपणावर पेटते, ज्यांच्या शेळ्या तेथे चरतात, त्यांनाही विश्वासात घ्यावे लागते. काढलेल्या झुडपांचा उपयोगही करता येतो. दक्षिणेत कर्नाटकात व निलगिरीच्या भागात आदिवासी कारागीर घाणेरीच्या लवचिक काठ्यांपासून खुर्च्या, टोपल्या, इतकेच काय, खऱ्या हत्तीएवढे मोठे हत्तीही बनवतात. रानाला अडवणाऱ्या वनस्पतीने माणसाच्या हाताला काम द्यावे, ही तिची उत्तम परतफेड नव्हे काय?

परत येणारे रान आपल्या येण्याची वर्दी हळू आवाजात देते. प्रथम गवत येते. गवतात नाकतोडे येतात. नाकतोड्यांमागे पाखरे येतात. पाखरांच्या विष्ठेतून उंबर, भोकर, बोर ह्यांच्या बिया पडतात आणि कोणी न लावलेले पहिले रोप उगवते. हजारो लावलेल्या रोपांपेक्षा त्या एका न लावलेल्या रोपाचे मोल अधिक आहे. कारण रान आता आपल्या पायांवर उभे राहू लागले, अशी ती खूण असते. हे सारे घडायला वर्षे लागतात. आज ज्यांनी कुदळ हाती घेतली, त्यांना त्या वृक्षांची पूर्ण वाढ पाहायला मिळेलच असे नाही. पण ज्यांनी देवराया राखल्या, त्यांनी तरी कोठे आपल्यापुरता विचार केला होता?

नाशिक रोडच्या एखाद्या शाळेच्या आवारात, कुंपणाच्या कडेला, घाणेरीचे एखादे झुडूप सहज दिसेल. त्याची फुले सुंदर आहेत, ह्यात शंका नाही. परंतु त्याच आवारात कोपऱ्यात एखादा बहावा किंवा पळस उभा असेल, तर त्याच्याकडेही क्षणभर पाहिले पाहिजे. त्याच्या पानांवर कोणती अळी आहे, त्याच्या फुलांवर कोणते पाखरू येते, त्याच्या बुंध्याशी कोणते रोप उगवले आहे, हे न्याहाळले पाहिजे. ज्याला आपल्या भूमीच्या झाडांची नावे ठाऊक आहेत, त्यालाच त्यांचे जाणे कळते. आणि ज्याला त्यांचे जाणे कळते, तोच त्यांना परत आणण्यासाठी उठतो.

स्वाध्याय

१. परकी वनस्पती आणि आक्रमक वनस्पती ह्यांतील फरक उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. शेताच्या बांधावर उपयोगी पडणारे गिरिपुष्प डोंगरावर अडचणीचे का ठरते?
३. घाणेरी मुळापासून काढण्याची रीत आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘तण काढणे हे साधन आहे, रान परत आणणे हे साध्य आहे.’ ह्या विधानाचा अर्थ विशद करा.
५. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या परिसरातील पाच झाडांची नावे मिळवा. त्यांपैकी मूळची येथली कोणती व बाहेरून आलेली कोणती, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.